वाचकांचे प्रश्न: सिव्हिल, पर्यावरण आणि प्रयोगशाळेतले आकडे

प्रवेशाचे दिवस असल्यामुळे पालकांची पत्रं येणार हे धरलंच होतं. पण या खेपेला प्रात्यक्षिकात आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात अडकलेल्या मुलांची पत्रंही बरीच आली. त्यांनी आकडे लिहून पाठवले, हे फार बरं केलं. आकडा समोर असला की चूक कुठे झाली ते सांगता येतं. ‘रिझल्ट बरोबर येईना झालाय’ एवढ्यावर काही सांगता येत नाही.

प्रश्न: मुलगी बारावी सायन्स झाली. दहावीपर्यंत गावातल्याच मराठी शाळेत, मग पीयूसी बेळगावात. पाणीपुरवठा, सांडपाणी, पर्यावरण यातलं शिकायचं म्हणते. पाहुणे म्हणतात सरळ सिव्हिल घे. बेळगावात ठेवावं की कोल्हापूरला धाडावं? दोन्हीकडच्या सीईटीचं कसं असतं?
— एक पालक, नंदगड

उत्तर: आधी शाखेचं बघू. बी. ई. सिव्हिलच्या आठ सेमिस्टरमध्ये पर्यावरणाचा वाटा थोडा असतो: पाणीपुरवठा, सांडपाणी प्रक्रिया, एखादा ऐच्छिक विषय आणि एक प्रयोगशाळा. बाकी सगळं सर्वेक्षण, स्ट्रक्चर, आरसीसी, माती, हायड्रॉलिक्स आणि रस्ते. कोल्हापूरच्या केआयटीत ‘सिव्हिल अँड एन्व्हायर्न्मेंटल’ अशी जोडशाखा आहे. तिथे रसायन, सूक्ष्मजीव, हवा प्रदूषण यांना जास्त जागा मिळते.

आमचं मत विचाराल तर पदवीला सिव्हिल आणि एम. टेक.ला पर्यावरण हा रस्ता सोयीचा. सरकारी खात्यांतल्या ज्युनियर आणि असिस्टंट इंजिनियरच्या जाहिरातींत पात्रता म्हणून ‘सिव्हिल’ हा शब्द असतो, आणि कागदपत्रं तपासणारा कारकून पदवीवर छापलेलं नाव त्या शब्दाशी ताडून बघतो. जोडशाखा घ्यायची असेल तर पदवीवर नेमकं काय छापून येणार ते प्रवेशाआधी विचारा, आणि जुन्या दोन-तीन जाहिराती काढून ताडा. मुलीला इमारती-पुलांत मुळीच रस नसेल आणि प्रक्रिया प्रकल्प, प्रदूषण चाचण्या, सल्लागार कंपन्या हेच करायचं पक्कं असेल, तर मात्र कोल्हापूरला पाठवायला हरकत नाही.

आता सीईटी. कर्नाटकातल्या जागांसाठी केईएची, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची, केसीईटी. इंजिनियरिंगच्या रँकमध्ये पीयूसीचे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचे गुण निम्मे आणि सीईटीचे निम्मे धरतात. त्यामुळे ‘सीईटी मारली की झालं’ म्हणत बोर्डाकडे दुर्लक्ष करणारी मुलं मागे पडतात. पात्रतेसाठी पहिली ते बारावी या काळातली किमान ७ वर्षं कर्नाटकात शिकलेली असावी लागतात, ती अट तुमच्या मुलीची सहज पूर्ण होते. मराठी माध्यमामुळे कन्नड माध्यमाचा कोटा मिळणार नाही. पण पहिली ते दहावी अशी दहाही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत गेली असतील तर ग्रामीण कोटा मागता येतो. त्या दाखल्यावर मुख्याध्यापकांच्या सहीबरोबर बीईओंची (गट शिक्षणाधिकाऱ्यांची) प्रतिस्वाक्षरी लागते. नेमका हाच कागद ऐन वेळी अडतो, तो आत्ताच काढून ठेवा.

महाराष्ट्रातल्या जागांसाठी एमएचटी-सीईटी. तिथल्या प्रवेश नियमांत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी ‘टाइप ई’ हा वेगळा प्रकार आहे. दहावी किंवा बारावी वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली असावी आणि मातृभाषा मराठी असावी. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातले दोन दाखले लागतात, एक सीमाभागाचा आणि दुसरा मातृभाषेचा. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आपलं ठिकाण कोणत्या स्पेलिंगने आहे तेही बघून ठेवा. शाळेच्या दाखल्यावर वेगळं स्पेलिंग असलं की पडताळणीच्या खिडकीवर खोळंबा होतो. दोन्ही परीक्षा देता येतात. एकीचा अर्ज भरला म्हणून दुसरीचा हक्क जात नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत आणि बाग बघून परतू नका. पर्यावरण प्रयोगशाळा उघडायला सांगा. बीओडी इनक्युबेटर (पाण्यातली घाण खाताना जंतूंना लागणारा प्राणवायू, म्हणजे बीओडी, मोजण्यासाठी बाटल्या ठरलेल्या तापमानाला ठेवायचं कपाट) चालू आहे का आणि त्याच्या दारावर तापमानाची नोंदवही लटकते का, ते बघा. इनक्युबेटरमध्ये जेवणाचे डबे ठेवलेले दिसले तर काय ते समजून जा. सर्वेक्षणाला एका टोटल स्टेशनमागे (कोन आणि अंतर मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) किती मुलं असतात तेही विचारा. सहा-सातपर्यंत ठीक. वीस असतील तर सतरा जण नुसते उभे असतात.

प्रश्न: व्हीटीयूत (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात) कन्नड सक्तीचं आहे म्हणे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं काय?
— विद्यार्थी, येळ्ळूर

उत्तर: घाबरण्यासारखं काही नाही. एक क्रेडिटचा पेपर असतो. ज्यांना कन्नड येतं त्यांना ‘सांस्कृतिक कन्नड’ आणि ज्यांना येत नाही त्यांना ‘बळके कन्नड’, म्हणजे रोजच्या वापरापुरतं. इतर विषयांचं गणित २०२२ च्या योजनेत असं आहे: सेमिस्टरभराच्या अंतर्गत मूल्यमापनात ५० पैकी किमान २०, सेमिस्टर परीक्षेत ५० पैकी किमान १८ आणि दोन्ही मिळून ४०. १८ वर थांबलात तर अंतर्गत २२ हवेत, हे लक्षात असू द्या. आणि पेपरपुरतं नव्हे, नीटच शिका. साइटवरचा गवंडी, तलाठी कचेरी, पंचायतीतला पाणीवाला यांच्याशी बोलायला ते लागतं, आणि कर्नाटक सरकारच्या नोकरीला कन्नडची परीक्षाही पास व्हावी लागते.

प्रश्न: सर्व्हे कॅम्पमध्ये ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) १.८ किलोमीटरचा फेरा मारून त्याच बेंचमार्कवर (उंची माहीत असलेल्या खुणेवर) आलो. २५ सेटअप झाले. शेवटचा आरएल (काढलेली उंची) मूळच्यापेक्षा ७४ मिलिमीटर जास्त आला. बीएस-एफएसच्या (मागच्या आणि पुढच्या वाचनांच्या) बेरजेचा ताळा मात्र बरोबर जुळतो. सर म्हणतात पुन्हा करा. चूक कुठे? वाट बहुतेक भाताच्या बांधांवरून होती, आदल्या रात्री पाऊस झाला होता.
— सिव्हिल, पाचवं सेमिस्टर, बेळगाव

उत्तर: सरांचं बरोबर आहे. साध्या लेव्हलिंगला चालणारी चूक २४ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ, म्हणजे इथे सुमारे ३२ मिलिमीटर. तुमची त्याच्या दुपटीहून जास्त आहे.

ताळा जुळला यावरून तुमची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे एवढंच कळतं. स्टाफवर (आकड्यांच्या उभ्या पट्टीवर) १.४६० असताना तुम्ही १.५६० वाचलं असतं तरी ताळा जुळलाच असता. पण तशी वाचनाची चूक बहुधा गोल आकड्यात सापडते, १०० मिलिमीटर किंवा सरळ १ मीटर. ७४ हा तसला आकडा नाही. थेंब थेंब साठून झालेला वाटतो.

तुमच्याच पत्रात त्याचं उत्तर आहे: ओले बांध. चेंज पॉइंटवर, म्हणजे लेव्हल हलवताना स्टाफ जिथे थांबतो तिथे, एफएस घेतलं, मग लेव्हल उचलून पुढे नेली, लावली, बबल आणला. तेवढ्या वेळात स्टाफ आपल्या वजनाने आणि धरणाऱ्याच्या हाताच्या दाबाने चिखलात बसला. मग बीएस घेतलं ते तेवढ्याने जास्त आलं, उपकरणाची उंची जास्त निघाली, पुढचे सगळे आरएल वर गेले. २५ सेटअपमध्ये २४ चेंज पॉइंट येतात. दर ठिकाणी ३ मिलिमीटर धरा, ७२ झाले! बीएस आणि एफएसच्या मधल्या वेळात ट्रायपॉड खचला तरी चूक याच बाजूला जाते, म्हणून दोन्ही एकमेकांना फेडत नाहीत, भर घालतात. फेरा उलट्या दिशेने मारलात तरी शेवटचा आरएल पुन्हा जास्तच येईल. म्हणून ‘दोनदा केलं, दोन्हीदा तेच आलं’ हा पुरावा मानू नका.

पुन्हा कराल तेव्हा चेंज पॉइंट दगडावर, मोरीच्या कठड्यावर घ्या किंवा लोखंडी फूटप्लेट पायाने दाबून बसवा. मधल्या वेळात स्टाफ त्यावरून उचलून ठेवा. ट्रायपॉडच्या पायांवर पाय देऊन ते पक्के रोवा. बीएस आणि एफएसची अंतरं पावलांनी मोजून सारखी ठेवा, म्हणजे कोलिमेशनची (दृष्टिरेषा आडवी नसल्याची) चूक आपोआप कटते. दृष्टिरेषा ४० मीटरला फक्त २ मिलिमीटर वाकडी असली आणि दर सेटअपला एफएस बीएसपेक्षा ३० मीटर लांब पडत गेलं, तर २५ सेटअपमध्ये साडेसदतीस मिलिमीटर साठतात. आणि स्टाफवाल्याला सांगा, स्टाफ हळू पुढे-मागे झुलवायचा, वाचणाऱ्याने सर्वांत कमी वाचन घ्यायचं. ३ मीटरचं वाचन ३ अंशांचा कल ४ मिलिमीटरने वाढवतो.

प्रश्न: आमच्या गटाचा प्रकल्प बळ्ळारी नाल्यावर आहे. वरच्या ठिकाणचा नमुना बाटलीत १० टक्के घेतला (बाकी विरलेपणाचं पाणी): सुरुवातीचा डीओ (पाण्यात विरघळलेला प्राणवायू) ६.९, तिसऱ्या दिवशी शून्य. बीओडी ६९ लिहिली. खालच्या ठिकाणी २ टक्के घेतला: ७.१ चा ६.३ झाला, बीओडी ४० आली. पण त्याच खालच्या नमुन्याची सीओडी (रसायनाने घाण जाळायला लागणारा प्राणवायू) ३८ आली. परीक्षक हसतील असं गाइड म्हणतात.
— आठवं सेमिस्टर, बेळगाव

उत्तर: तुमचे तिन्ही आकडे टाकून द्यावे लागतील, आणि तिघांचं कारण वेगळं आहे. वडगाव-येळ्ळूर शिवारातली भातशेती याच नाल्याच्या काठाला आहे, तेव्हा विषय मोलाचा आहे. आकडेही त्या तोलाचे हवेत.

पहिला आकडा. डीओ शून्य झाला म्हणजे बाटलीतला प्राणवायू कधी संपला ते आपल्याला कळलं नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी संपला असेल, नाही तर तिसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून बीओडी ‘६९’ लिहिता येत नाही, ‘६९ पेक्षा जास्त’ एवढंच म्हणता येतं. ती १५० असू शकते, ३०० सुद्धा. शेवटी लिटरमागे किमान १ मिलिग्रॅम डीओ उरलेला हवा (इथून पुढे मिलिग्रॅम म्हणजे लिटरमागे).

दुसरा आकडा. इथे उलटं झालं. डीओ ०.८ नेच घटला. घट किमान २ हवी, कारण टायट्रेशनमध्ये ०.२ ची चूक कुणाच्याही हातून होते. २ टक्क्यांच्या बाटलीत ती ५० पट होऊन १० मिलिग्रॅम बनते. तुमची ४० खरी ३० असेल किंवा ५०, सांगता येत नाही.

उपाय एकच: एका नमुन्याच्या एका बाटलीवर भिस्त ठेवू नका. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३, ६ आणि १५ मिलिलिटर असे तीन विरलेपण लावा, म्हणजे १, २ आणि ५ टक्के. घट २ ते ६ च्या दरम्यान धरली तर १ टक्का २०० ते ६०० ची बीओडी पकडतो, २ टक्के १०० ते ३००, ५ टक्के ४० ते १२०. बीओडी ४० ते ६०० मध्ये कुठेही असो, एक तरी बाटली कामाची निघते. ६ मिलिलिटरच्या बाटलीत डीओ ७.२ वरून ३.६ आला तर ३.६ भागिले ०.०२, बीओडी १८०. शिवाय नुसत्या विरलेपणाच्या पाण्याची एक बाटली लावा. तिची घट ०.२ पेक्षा जास्त आली तर तुमचं पाणीच मळलेलं आहे. बहुधा डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये शेवाळ धरलेलं असतं.

डीओचीही एक परीक्षा घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब कमी असल्याने २७ अंशांना पाणी सुमारे ७.३ मिलिग्रॅमपर्यंतच प्राणवायू धरतं. पुस्तकातला ८ च्या जवळचा आकडा समुद्रकाठचा आहे. तुमचे ६.९ आणि ७.१ त्यात बसतात, म्हणजे डीओ मोजायची विंकलर पद्धत हाताला बसली आहे. कुणाचा सुरुवातीचा डीओ ८.५ आला तर एक तर बाटलीत बुडबुडा अडकलाय, नाही तर थायोसल्फेट जुना झालाय. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड १-१ मिलिलिटर, पिपेटचं टोक पाण्याखाली धरून. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढरा आला तर नाही. मग सल्फ्युरिक आम्ल १ मिलिलिटर. त्यातले २०१ मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट केले की १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम डीओ. स्टार्च रंग फिका गवती झाल्यावरच घाला. आधी घातला तर शेवट चुकतो.

तिसरा आकडा, सीओडी. जे जंतू खाऊन पचवू शकतात ते उकळतं डायक्रोमेट जाळणारच, म्हणून बीओडी सीओडीपेक्षा जास्त येत नाही. साध्या घरगुती सांडपाण्यात बीओडी सीओडीच्या ३० ते ८० टक्के असते. तुमचं उलटं का आलं? पहिला संशय बाटली हलवण्यावर. सीओडीसाठी नमुना ठेवून दिला, गाळ तळाला बसला आणि वरचं निवळ पाणी पिपेटमध्ये आलं. दुसरा संशय असा की नमुना आम्ल न घालता रात्रभर बाहेर राहिला आणि जंतूंनी अर्धं काम उरकलं. सीओडीचा नमुना सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ खाली आणून ठेवतात. बीओडीचा नमुना मात्र आम्ल न घालता बर्फात ठेवायचा आणि शक्यतो ६ तासांत लावायचा. तिसरं कारण: ०.२५ नॉर्मल डायक्रोमेटची पद्धत ५० मिलिग्रॅमच्या खाली भरवशाची नाही, तिथे दहापट विरल द्रावणं घ्यावी लागतात. एफएएस (टायट्रेशनचं फेरस अमोनियम सल्फेट) रोज प्रमाणित करायचं, महिन्यातून एकदा नव्हे. उकळताना रंग हिरवा झाला तर डायक्रोमेट संपलं, नमुना विरळ करून पुन्हा घ्या. आणि उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्यात पारा असतो. नाल्याचा अभ्यास करता करता नाल्यात पारा सोडला असं व्हायचं!

तीन दिवस २७ अंश ही आपल्याकडची प्रमाण पद्धत आहे. सोमवारी लावली तर गुरुवारी काढायची. गुरुवारी लावली की रविवारी कॉलेजला कुलूप, आणि चौथ्या दिवशीचं वाचन तिसऱ्याचं म्हणून लिहिलं जातं. वहीत वेळ लिहा, नुसता वार नको.

शेवटचं, नुसती बीओडी मांडू नका, प्रवाहही मोजा. सरळ भागात १० मीटर दोरीने आखा, संत्र्याची साल किंवा लाकडाचा तुकडा सोडा, पाच वेळा वेळ घ्या. पृष्ठभागाचा वेग गुणिले ०.८५ म्हणजे सरासरी वेग. रुंदीचे पाच भाग करून पट्टीने खोली मोजली की छेद मिळतो. समजा प्रवाह ०.२ घनमीटर प्रति सेकंद निघाला, तर १७.२८ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर). त्याला १५० मिलिग्रॅमने गुणलं की रोज २५९२ किलो बीओडी. वरच्या आणि खालच्या ठिकाणची तुलना या किलोत करा. खाली स्वच्छ ओढा मिळाला तर मिलिग्रॅम उतरतात, पण मैला कमी झालेला नसतो. नाल्यात उतरून मोजू नका, पुलावरून काठीने मोजा. हातमोजे घाला.

प्रश्न: उद्यमबागच्या फाउंड्रीतली टाकाऊ वाळू काँक्रीटमध्ये वापरायचा प्रकल्प घेतलाय. ०, १०, २०, ३०, ४० टक्के. सिमेंट किती आणावं? सीनियर्सची ताकद ३० टक्क्यांना एकदम कोसळली होती.
— सातवं सेमिस्टर, बेळगाव

उत्तर: पाच मिश्रणं, ७ आणि २८ दिवसांचे तीन-तीन क्यूब (चाचणीचे ठोकळे), म्हणजे ३० क्यूब. १५० मिलिमीटरच्या एका क्यूबला ०.००३३७५ घनमीटर, तीसला सुमारे ०.१०१. सांडलवंड आणि स्लम्प चाचणी (मिश्रण किती सैल आहे ती) धरून ०.११५ घ्या. घनमीटरला ३७० किलो सिमेंट धरलं तर ४३ किलो. एक पोतं पुरतं, आणि एकाच पोत्यातून सगळी मिश्रणं करा. दुसरं पोतं फोडलं की फरक वाळूचा की सिमेंटचा ते कळेनासं होतं.

सीनियर्सचं काय झालं असावं ते ओळखता येतं. ग्रीन सँडमध्ये (मातीने बांधलेल्या साच्याच्या वाळूत) बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड असते, कणही नदीच्या वाळूपेक्षा बारीक. ती पाणी पिते. ३० टक्क्यांना मिश्रण कोरडं वाटतं, कुणीतरी मगभर पाणी ओततो आणि ते वहीत येत नाही. ताकद वाळूने नाही, पाण्याने घालवली. पाणी-सिमेंट गुणोत्तर पाचही मिश्रणांत तेच ठेवा. काम होत नसेल तर सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण सैल करणारं रसायन) वाढवा आणि त्याचे ग्रॅम नोंदवा. फाउंड्रीतून आणताना मातीची बांधणी आहे की रेझिनची ते विचारून पोत्यावर लिहा, दोन्ही एकत्र करू नका. चाळणी, ७५ मायक्रॉनखालचा भाग आणि जळून जाणारा भाग या तीन चाचण्या आधी करा.

क्यूब तीन थरांत, दर थराला ३५ ठोके. तीनपैकी एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून दूर गेला तर तो संच बाद. सोयीचे दोन ठेवून तिसरा लपवायचा नाही.

प्रश्न: पर्यावरणात एम. टेक. करायचं तर गेटला कोणता पेपर?
— निपाणी

उत्तर: सिव्हिलचा सीई किंवा २०२१ पासून सुरू झालेला पर्यावरणाचा ईएस. तिसऱ्या वर्षात असतानाही बसता येतं. सुरतकलच्या एनआयटीकेसारख्या ठिकाणी पर्यावरणाचं एम. टेक. आहे. कुठल्या पेपरचे गुण घेतात ते त्या-त्या संस्थेच्या माहितीपत्रकात बघा, मगच ठरवा. नोकरीचा दरवाजाही उघडा ठेवायचा तर सीई, कारण सरकारी कंपन्या सिव्हिलच्या भरतीला त्याचेच गुण मागतात.

प्रश्न: जांबोटीकडची तांबडी माती. माझी लिक्विड लिमिट (किती टक्के पाण्याला माती वाहू लागते तो आकडा) ५२, मैत्रिणीची ४१. माती एकाच खड्ड्यातली.
— पाचवं सेमिस्टर

उत्तर: मैत्रिणीने माती आधी ओव्हनमध्ये वाळवली का ते विचारा. जांभ्याच्या मातीतलं बांधलेलं पाणी १०५-११० अंशांना निघून जातं, बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि लिक्विड लिमिट उतरते. ती नंतर भिजवूनही परत येत नाही. सावलीत वाळवायची, ४२५ मायक्रॉनने चाळायची, १२० ग्रॅम घ्यायची. अथणीकडची काळी माती असेल तर पाणी घालून २४ तास झाकून ठेवायची, नाही तर चिकणमातीच्या आतपर्यंत पाणी पोचत नाही आणि आकडा कमी येतो. ओव्हन फक्त शेवटी, डबीतला ओलावा काढायला. आणि लिक्विड लिमिट काढायच्या कॅसाग्रांडेच्या वाटीची झेप बरोबर १० मिलिमीटर आहे का, ते खाचपट्टीच्या मागच्या ठोकळ्याने तपासा. कॉलेजच्या जुन्या उपकरणांत तो स्क्रू सैल झालेला असतो.